अर्ध्या तासाची मुदत

मुलगी सुट्टीला आली होती. तिनं लॅपटॉपवर एक जुना जपानी सिनेमा लावला. 'द बर्मीज हार्प', कोन इचिकावाचा, १९५६ चा, कृष्णधवल. मी म्हणलं, युद्धाचा सिनेमा नको गं, मला झोप लागत नाही. झोप लागली नाहीच, पण ती गोळीबारामुळं नव्हे.

१९४५ साल. जपानने शरणागती पत्करली आहे. ब्रह्मदेशातली एक जपानी तुकडी शस्त्रं खाली ठेवते. जवळच्या डोंगरात मात्र दुसरी तुकडी गुहेत बसून अजून लढते आहे. तिला समजावायला मिझुशिमा नावाचा वाद्य वाजवणारा शिपाई जातो. मुदत अर्ध्या तासाची. तो सांगतो, युद्ध संपलंय, घरी चला. गुहेतले त्यालाच भित्रा म्हणतात. मुदत संपते, तोफा सुरू होतात आणि तो एकटा वाचतो.

आमच्या बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आहे. १९४४ मध्ये मणिपुरात सांगशकला याच रेजिमेंटची चौथी बटालियन जपान्यांशी लढली. म्हणजे सिनेमातली माणसं आमच्या गावच्या फौजेची शत्रूच. शेजारच्या सुभेदारकाकांना गोष्ट सांगितली. ते म्हणाले, "वैनी, शत्रू असला तरी शेवटपर्यंत लढणाऱ्याला आम्ही सॅल्यूट करतो."

"पण काका, ज्याच्यासाठी लढायचं ते संपलेलं होतं की!"

ते जरा वेळ गप्प बसले. म्हणाले, "त्यांच्या वरच्यांचा हुकूम कुठं आला होता?"

हे उत्तर मला उडवून लावता येत नाही. तरी त्या गुहेत एखाद्याच्या तरी मनात आलंच असेल की मला आईकडं जायचंय. शेजारी उभ्या असलेल्याच्या देखत ते बोलायचं कसं? क्रोध तरी तोंडावर दिसतो. मान हा कषाय शौर्याचा पोशाख घालून येतो, त्यामुळं त्याला कुणी हटकत नाही.

बाहुबलीची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. भरतावर सरशी होत असताना त्यानं सगळं सोडलं. पण तो जिंकत होता. जिंकणाऱ्यानं सोडलं तर त्याग आणि हरणाऱ्यानं सोडलं तर शरणागती, हा फरक आजवर मला कधी खटकलाच नव्हता. आणि एवढं सोडूनही अंगावर वेली चढेपर्यंत त्याच्या मनात शल्य राहिलंच होतं.

मिझुशिमा आधी एका भिक्षूचं वस्त्र चोरून नेसतो, केवळ जीव वाचवायला. वाटेत बेवारस प्रेतं दिसत जातात आणि ते चोरलेलं वस्त्र त्याला उतरवता येत नाही. प्रेतांना माती देण्यासाठी तो मागंच राहतो. इथं मी रडले. पण एक तक्रार आहेच. हा सगळा शोक जपानी शिपायांचा. ज्यांच्या भूमीवर हे घडलं ते ब्रह्मी लोक तांदूळ देतात, नमस्कार करतात आणि बाजूला होतात. सयाम-ब्रह्मदेश रेल्वेवर जपान्यांनी राबवून मारलेल्या हजारो मजुरांना कोण माती देणार?

दुसऱ्याच्या गुहेविषयी बोलणं सोपं. आमच्या घरात भिंतीवरून वाद झाला, त्याला अकरा वर्षं झाली. हे आणि धाकटे भाऊजी बोलत नाहीत. भिंत मागच्या पावसाळ्यात आपोआप पडली, वाद उभाच आहे. क्षमावाणीला आम्ही सगळ्या गल्लीत 'उत्तम क्षमा' म्हणत फिरतो, त्या एका दाराशी मात्र पावलं वळत नाहीत. माझीही नाहीत, उगाच सगळं यांच्यावर कशाला ढकलू!

काल यांना म्हणलं, "तुम्ही पण बघा की हा सिनेमा."

पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "आधी कुणी बोलायचं ते सांगितलंय का त्यात?"

मुलगी रविवारी जाणार आहे. तोवर लॅपटॉप घरातच आहे.