पाच गोळ्या, सहा घरं

ओहोटीच्या वेळी मुंबईतल्या मच्छीमार नगरच्या किनाऱ्यावर बसा. होड्या चिखलात कललेल्या आहेत, पाठीमागे कफ परेडचे उंच मनोरे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री हत्यारबंद माणसं रबरी होडीतून याच भागात किनाऱ्याला लागली. हत्याराचा विचार करायला मला म्हणूनच ही जागा योग्य वाटते. इथे हत्याराकडे नुसत्या कौतुकाने पाहता येत नाही.

श्वास संथ होऊ द्या. मनातल्या मनात एक जुनं रिव्हॉल्व्हर हातात घ्या. कोल्ट कंपनीचं, १८७३ सालच्या बनावटीचं. याचा चाप एकच काम करतो, घोडा सोडण्याचं. घोडा मागे ओढायचा तो दर वेळी आपल्याच अंगठ्याने. आता ओढा, अगदी सावकाश. पहिला खटका. दुसरा. तिसरा. चौथा. प्रत्येक खटक्यापाशी थांबा, कारण तिथे थांबणं शक्य आहे. घोडा पूर्ण मागे गेला की चक्राचं पुढचं घर नळीसमोर येऊन उभं राहतं.

घोडा खाली असताना काय होतं, तेही पाहा. घोड्याच्या टोकाची पिन थेट काडतुसाच्या बुडाशी भिडलेली असते. पहिल्या खटक्याची खाच सुरक्षेसाठीच आहे, पण ती नाजूक. रिव्हॉल्व्हर दगडावर पडलं, घोड्यावर आपटलं, तर कुणी चापाला हात न लावताही गोळी सुटू शकते. म्हणून जाणती माणसं सहा घरांत पाचच गोळ्या भरत आणि घोड्याखालचं घर रिकामं ठेवत. या रिकाम्या घरापाशी थोडा वेळ थांबा. सुरक्षितता लोखंडात नव्हती, माणसाच्या सवयीत होती. सवय एक दिवस चुकली, की संपलं.

आता दुसरं रिव्हॉल्व्हर घ्या. अमेरिकेतल्या रुगर कंपनीने १९५३ पासून याच घाटाची रिव्हॉल्व्हरं काढली. त्यांच्याही जुन्या नमुन्यांत हाच धोका होता. १९७३ साली ‘न्यू मॉडेल’ आलं. बाहेरून पाहाल तर फरक शोधावा लागतो, चौकटीवर तीन स्क्रूंऐवजी दोन पिना. आत मात्र पोलादाची एक छोटी पट्टी आहे, ट्रान्सफर बार. चाप दाबलेला असेल तेव्हाच ती वर येऊन घोडा आणि चौकटीतली फायरिंग पिन यांच्या मधे उभी राहते आणि घोड्याचा ठोसा पिनेपर्यंत पोचवते. चाप सोडला की पट्टी खाली, आणि घोडा पिनेला शिवतच नाही. सहाही घरं भरता येतात. भरताना घोडा अर्धा ओढायलाही नको, बाजूची झडप उघडली की चक्र मोकळं होतं.

जुन्या रुगरमध्ये अशी पट्टी कंपनी फुकट बसवून देते आणि काढलेले मूळ भाग मालकाला परत पाठवते. तरी पुष्कळ मालक ती बसवून घेत नाहीत. जुन्या चापाचा हलका, स्वच्छ स्पर्श त्यांना सोडवत नाही. मला त्यांचं प्रेम कळतं. पण भरलेलं हत्यार बाळगायचं असेल, तर मी पट्टीच निवडेन.

आता कठीण भागाकडे या. पट्टीने अपघात टाळला. हातातून पडून गोळी सुटली, असं आता सहसा म्हणता येणार नाही. गोळी सुटली तर चाप कुणीतरी दाबलेला होता. जुन्या रिव्हॉल्व्हरमधून हेतूशिवायही जीव जाऊ शकत होता. नव्यात उरला तो चापावरच्या बोटाचा हेतू, आणि तिथे कुठलीच पट्टी पोचत नाही. त्या रात्री इथे उतरलेल्यांकडे रिव्हॉल्व्हरं नव्हती, एके-४७ होत्या. पुढच्या तीन दिवसांत १६६ माणसं गेली. त्यातला अपघात कुठलाच नव्हता. इथे उतरताना वस्तीतल्या माणसांनी त्यांना हटकलं होतं. हटकणाऱ्यांच्या हातात हत्यार नव्हतं.

तुमच्या हातातल्या नव्या रिव्हॉल्व्हरचा घोडाही मागे ओढलेला आहे असं समजा. नळी सुरक्षित दिशेला धरा. अंगठ्याने घोडा घट्ट पकडा, चाप दाबा, घोडा किंचित पुढे येऊ द्या आणि लगेच बोट काढा. पट्टी खाली गेली. आता घोडा सावकाश टेकवा. झडप उघडा, चक्र एकेक घर फिरवा आणि सहाही काडतुसं बाहेर काढा.