चौथ्या तासाचा उशीर

इरा यंदा नववीत गेली. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी नववीपासून हायस्कूल सुरू होतं, त्यामुळे शाळा नवी, इमारत नवी, शिक्षकही नवे. सप्टेंबरमधल्या एका गुरुवारी संध्याकाळी सात वाजता शाळेची बॅक-टू-स्कूल नाइट होती. सुनीतीची हॉस्पिटलमध्ये दुपारची शिफ्ट, त्यामुळे प्रसादला जाणं भाग होतं.

"तिथे जाऊन मिळणार काय?" तो फोनवर सुनीतीला म्हणाला. "मार्क पोर्टलवर दिसतात, हजेरी दिसते, अभ्यासक्रम वेबसाइटवर आहे. शिवाय आपल्या मुलीबद्दल तिथे काही विचारायचं नाही, असं ईमेलमध्ये लिहिलंय."

त्याचं म्हणणं समजण्यासारखं होतं. साताऱ्यात शिकलेल्या माणसाच्या डोळ्यांपुढे पालकसभा म्हटलं की बाईंचं टेबल येतं, प्रगतिपुस्तक येतं, लाल शाईने तपासलेला पेपर आणि त्याखाली करायची सही येते. आपल्या लेकराचं नावच निघणार नसेल तर ती सभा कसली? न्यू जर्सीतल्या एडिसनसारख्या गावात असे कितीतरी आईबाप आहेत. इथली रीत निराळी. पालकांनी मुलाचं वेळापत्रक हातात घ्यायचं आणि त्याचा सगळा दिवस त्याच क्रमाने चालून काढायचा. दहा मिनिटांचा एकेक तास. शिक्षक विषय समजावतात, गुण कसे देणार ते सांगतात, घंटा होते की पुढचा वर्ग. एकेका मुलाबद्दल बोलायची वेळ पुढे वेगळी ठरवून घ्यायची असते.

प्रसादच्या मनात आणखी एक सल होता. पोर्टलवर इराच्या नावापुढे इतिहासाच्या तासाला दोनदा 'टार्डी', म्हणजे उशिरा आल्याचा शेरा पडला होता. त्यावरून त्याने तिला चांगलंच फैलावर घेतलं होतं. वेळेची किंमत नाही, मैत्रिणींशी गप्पा मारत बसतेस, वगैरे.

पहिला तास बीजगणिताचा. वर्ग भरलेला, काही पालक भिंतीला टेकून उभे. बाई बोलायला लागल्या तोच एका गृहस्थांनी आपल्या मुलाला वरच्या तुकडीत का घेतलं नाही, हा प्रश्न काढला. बाईंनी नम्रपणे थांबवलं, तरी ते थांबेनात. दहातली सहा मिनिटं त्यातच गेली. बाकीच्यांना गृहपाठाची पद्धतही कळली नाही. ती मिनिटं सगळ्यांची होती, हे त्या गृहस्थांच्या लक्षात आलं नाही याचं फार वाईट वाटतं. कारण तळमळ खरीच होती.

तिसरा तास जिमचा, इमारतीच्या एका टोकाला. चौथा इतिहासाचा, दुसऱ्या टोकाला, वरच्या मजल्यावर. मध्ये चार मिनिटं. प्रसाद घंटेबरोबर निघाला. कॉरिडॉर मोकळे होते, पाठीवर दप्तर नव्हतं, कपडे बदलायचे नव्हते. तरी एक वळण चुकलं, जिना सापडेना, आणि तो वर्गात शिरला तेव्हा सर बोलायला लागलेले होते.

"या, बसा," सर हसून म्हणाले. "पहिल्या आठवड्यात माझा निम्मा वर्ग असाच येत होता. जिममधून थेट येतात बिचारे."

प्रसाद मुलांसाठीच्या त्या अरुंद बाकावर बसला. सर अमेरिकेच्या राज्यघटनेबद्दल काय काय शिकवणार ते सांगत होते. त्याच्या कानात मात्र स्वतःचाच दोन आठवड्यांपूर्वीचा आवाज घुमत होता. पोर्टलने उशीर झाल्याचं अचूक सांगितलं होतं. तो का झाला, हे त्या पडद्यावर कधीच दिसणार नव्हतं.

शेवटच्या चित्रकलेच्या वर्गात तीनच पालक होते. रिकाम्या खुर्च्या पाहून कुणी म्हणेल, लोकांना पर्वा नाही. तसं म्हणू नये. याच गावात गोदामांत रात्रपाळी करणारे, दुकानं उशिरापर्यंत उघडी ठेवणारे आईबाप आहेत. संध्याकाळी सातची वेळ त्यांच्या हातात नसते. शाळांनी एखादी शनिवारची सकाळही ठेवायला हवी. ज्यांना येणं शक्य होतं, तेही चित्रकलेपर्यंत थांबले नाहीत, हे मात्र खरं.

तो घरी पोचला तेव्हा इरा जेवत होती.

"चौथ्या तासाला मलाही उशीर झाला," तो म्हणाला.

इराने मान वर केली. "तू पुढच्या जिन्याने गेलास ना? कॅफेटेरियाच्या मागे एक जिना आहे. मला दुसऱ्या आठवड्यात सापडला. आता मी वेळेत पोचते."

प्रसादने फोनवर पोर्टल उघडलं. दुसऱ्या आठवड्यानंतर एकही शेरा नव्हता. तो शेरा नसणं त्याच्या नजरेस पडलंच नव्हतं.

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तू 'का' असं विचारलंस, बाबा. पण उत्तरासाठी थांबला नाहीस."

तो काही वेळ बोलला नाही. मग तिच्या समोरची खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, "चुकलंच माझं. आता पहिल्या तासापासून सांग. मी सगळे वर्ग पाहून आलोय, त्यामुळे कुठलाही सांग, मला कळेल."

सुनीती रात्री बारा वाजता आली तेव्हा दोघं अजून टेबलाशीच होती. जिमच्या बाई किती कडक, कुंभारकामाला भट्टी कधी लावणार, जेवणाची सुट्टी पावणेअकरालाच कशी होते, असं काय काय चाललं होतं.

"उद्या शाळा नाही का?" ती दारातूनच म्हणाली.

"आहे. आणि पुढच्या वर्षी या दिवसाची सुट्टी तू आधीच मागून ठेव," प्रसाद म्हणाला. "दोघांनी जायचं."