हातचा न येणारी संख्या

१२३४५६७८९८७६५४३२१. डावीकडून वाचा, उजवीकडून वाचा, संख्या तीच. शिवाय ती १११११११११ चा वर्ग. असे काही दिसले की आपण 'वा!' म्हणून पान उलटतो. इंग्रज गणिती हार्डी यांना तेवढेही कौतुक नव्हते. ८७१२ ही २१७८ ची चौपट, ९८०१ ही १०८९ ची नऊपट, म्हणजे तेच अंक उलटे; अशा गमती त्यांनी १९४० साली 'अ मॅथेमॅटिशियन्स अपॉलॉजी'त कोड्यांच्या सदराकडे धाडून दिल्या. त्यांतून व्यापक असे काही निघत नाही, हा त्यांचा आक्षेप.

आपल्या संख्येला तो लागू पडतो का? गुणाकार कागदावर मांडून पाहावा. प्रत्येक ओळीत तेच नऊ एक, फक्त एकेक घर डावीकडे सरकलेले. उजव्या टोकाच्या स्तंभात एकच १, पुढच्यात दोन, मग तीन. मधोमध पूर्ण नऊ आणि तिथून उतरण. कुठेच हातचा येत नाही, म्हणून प्रत्येक बेरीज आपल्या घरात सुखाने राहते. दहा एकांचा वर्ग केला की मधली बेरीज दहा होते, हातचा शेजारी शिरतो आणि उत्तर येते १२३४५६७९००९८७६५४३२१. डावीकडचा आठ गडप!

म्हणजे चढउतार मुळात दहाच्या पायाचा नाहीच. १ + क्ष + क्ष² अशा बहुपदीचा वर्ग करा, सहगुणक १, २, ३, २, १ असेच येतात. पाया फक्त मर्यादा घालतो: दशमानात नऊ एकांपर्यंत, सोळाच्या पायावर पंधरापर्यंत. हे व्यापकच झाले की. असाच आणखी एक नियम: दोन्हीकडून सारख्याच वाचल्या जाणाऱ्या, म्हणजे उलटसुलट, संख्येत अंकांची संख्या सम असेल तर तिला ११ ने भाग जातो, म्हणून तशी मूळ संख्या ११ ही एकटीच. तोही नियम कोणत्याही पायावर 'पाया अधिक एक' असा चालतो.

उलट, १ आणि १ यांच्यामध्ये तेरा शून्ये, सैतानी मानला जाणारा ६६६ आणि पुन्हा तेरा शून्ये अशी एकतीस अंकी मूळ संख्या आहे. हार्वे डबनर यांनी ती शोधली, क्लिफर्ड पिकओव्हर यांनी तिला बेल्फेगॉर या सैतानाचे नाव दिले. तिचे मूळपण कुठल्याही पायावर टिकते. सैतान मात्र दशमानाबाहेर पडताच उतरतो.

गणिती महावीराचार्यांनी नवव्या शतकातच १२३४५६५४३२१ चे वर्णन एकापासून सहापर्यंत चढून क्रमाने उतरणारी संख्या असे केले होते. देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांना मात्र नुसत्या दिसण्यात रस नव्हता. डेमलो, म्हणजे आजची डोंबिवली, या स्टेशनवर सुचल्या म्हणून त्यांनी 'डेमलो संख्या' असे नाव दिले आणि कसोटी लावली ती बेरजेची: दोन टोके मिळवली की मधलाच अंक, एकदा किंवा पुन्हा पुन्हा, यावा. १६५ मध्ये १ आणि ५ मिळून ६. २५५३ मध्ये २ आणि ३ मिळून ५. या कुळात उलटसुलट असण्याची सक्तीच नाही. आपली सतरा अंकी संख्याही त्यातलीच: १२३४५६७८ आणि ८७६५४३२१ यांची बेरीज ९९९९९९९९, आणि मध्ये बसलेला अंक ९.