पुसणे आणि लपविणे

घरातील जुनी वस्तू विकावयास काढणे हा वरकरणी अगदी साधा व्यवहार आहे. तांब्याचा बंब किंवा शिसवी कपाट दुसऱ्याच्या स्वाधीन करताना मनाला थोडी हुरहुर लागते; परंतु धर्माधर्माचा प्रश्न काही त्यामुळे उभा राहत नाही. आमचा जुना लॅपटॉप विकण्याची वेळ आली तेव्हा मात्र तसा प्रश्न आमच्यापुढे उभा राहिला, आणि तो केवळ आमच्या घरापुरता नाही असे वाटल्यावरून येथे मांडीत आहोत.

हे यंत्र २०१६ साली घेतलेले. डोंबिवलीत आम्ही राहतो त्या इमारतीच्या सोसायटीचे सेक्रेटरीपद, जुन्या भाषेत बोलावयाचे तर चिटणिशीचे काम, सहा वर्षे आमच्याकडे होते. त्या काळात सभासदांच्या आधार कार्डांच्या प्रती, भाडेकरूंचे करारनामे, थकबाकीच्या याद्या, सारे याच्याच पोटात जमा होत गेले. नोकरी गेल्यामुळे मेंटेनन्स तीन महिने उशिरा भरू द्यावा अशी एका गृहस्थांनी विनंती केली होती, ते पत्र. विमा कंपनीस पाठविण्यासाठी शेजारच्या आजींनी आमच्याकडून करवून घेतलेल्या त्यांच्या तपासण्यांच्या प्रती. भाचीच्या लग्नाच्या बोलण्यांत आलेली, पुढे न जमलेली स्थळे. यांतील एकही गुपित आमचे नव्हे. ती दुसऱ्यांनी विश्वासाने ठेवलेली ठेव होती. २०२३ सालच्या वैयक्तिक माहितीसंबंधीच्या कायद्याने माणसाने स्वतःच्या घरगुती कामासाठी वापरलेल्या माहितीस वगळले आहे. सोसायटीचे दप्तर घरगुती म्हणता येईल काय, हा वाद वकिलांनी घालावा. आमच्या मनाला तो कायदा असो वा नसो, ठेव ती ठेव.

ही ठेव पुसून टाकणे वाटते तितके सोपे नाही. आपण एखादी फाइल ‘डिलीट’ करतो तेव्हा बहुधा यंत्र तिचे नाव केवळ अनुक्रमणिकेतून काढते. मजकूर आपल्या जागी तसाच राहतो, आणि त्यावर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत जाणत्या माणसास तो वाचता येतो. अमेरिकेत सिम्सन गार्फिंकेल आणि अभी शेलाट या दोघा संशोधकांनी बाजारातून १५८ जुन्या हार्ड डिस्क विकत घेऊन तपासल्या व २००३ साली आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. चालू स्थितीतील १२९ डिस्कांपैकी नीट पुसलेल्या निघाल्या अवघ्या १२. एक तर बँकेच्या पैसे देणाऱ्या यंत्रातून आलेली दिसत होती! विकणारे सारे निष्काळजी होते असे नव्हे. आपण पुसले आहे अशी त्यांतील कित्येकांची प्रामाणिक समजूत होती. म्हणून आम्ही नुसते फाइली काढण्यावर न थांबता, रीसेट करताना संपूर्ण डिस्क धुऊन काढण्याचा जो लांबणीचा पर्याय असतो तो निवडला. रात्री लावलेले काम सकाळी पुरे झाले, आणि एक कर्तव्य पार पडल्याच्या समाधानात आम्ही चहा घेतला.

ते समाधान दुपारपर्यंतच टिकले.

विकण्याचा विचार मुळात निघाला तो यंत्राच्या एका दुखण्यामुळे. तास-दीड तास काम झाले की ते गरम होऊन एकाएकी बंद पडे. एका दुरुस्ती करणाऱ्याने उघडूनसुद्धा न पाहता सांगितले, “सॉफ्टवेअरचा प्रॉब्लेम आहे, फॉरमॅट मारा.” (फॉरमॅट हा ‘मारण्याचा’ पदार्थ आहे, हे मराठीने कोठून शोधून काढले कोण जाणे, पण उपचाराचे स्वरूप पाहता शब्द चपखल आहे.) रीसेट झाल्यावर ते पाच दिवसांत एकदाही बंद पडले नाही. मग दुखणे गेले म्हणावे काय? पाच दिवसांत आम्ही ते सलग तासभर चालविलेच कोठे होते! शिवाय असे यंत्र आपली रोजनिशी स्वतः लिहीत असते. कोणत्या दिवशी, किती वाजता आपण अकस्मात बंद पडलो, याची नोंद विंडोज ठेवते आणि जाणत्या ग्राहकास ती उघडून पाहता येते. सोसायटीच्या गुपितांबरोबर आम्ही ती रोजनिशीही पुसली होती. एका रात्रीत एकाच कृतीने आम्ही शेजाऱ्यांशी इमान राखले आणि अजून न भेटलेल्या ग्राहकाच्या डोळ्यांवर पट्टी बांधली.

आम्ही कायदा पाहिला. आमचा हेतू कायद्यातून सुटका शोधण्याचा होता, हे कबूल केलेले बरे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे १७ वे कलम सांगते की माहीत असलेली गोष्ट बुद्ध्या झाकणे ही फसवणूक. नुसते मौन सामान्यतः फसवणूक नव्हे. त्याखालील दृष्टांत मोठे मार्मिक आहेत. घोडा दुखणेकरी आहे हे ठाऊक असून कोणी तो लिलावात विकला आणि ब्र काढला नाही, तर ती फसवणूक नाही. मात्र घेणारी त्याची स्वतःची, नुकतीच वयात आलेली मुलगी असेल, तर सांगणे त्याचे कर्तव्य. आणि घेणारा जर म्हणाला की तुम्ही नाही म्हटले नाहीत तर घोडा निरोगी असे मी धरून चालतो, तर तेथे मौन हेच भाषण.

मुलीला सांगावे आणि परक्याला सांगू नये, ही विभागणी सोयीची आहे. पण ती न्यायाची म्हणावी काय? इसवी सनापूर्वी ४४ साली सिसेरोने आपल्या मुलासाठी कर्तव्यांवर ग्रंथ लिहिला, त्यात रोगट घर विकणाऱ्याचा असाच पेच आहे. डायोजिनीसचे म्हणणे, घ्या अशी बळजबरी कोणी केली नाही, घेणाऱ्याने आपले डोळे वापरावे. अँटिपेटर म्हणतो, वाट चुकलेल्यास वाट न दाखविण्याहूनही हे वाईट. सिसेरो अँटिपेटरच्या बाजूचा. आमची अडचण या दोघांनाही ठाऊक नव्हती: ग्राहकाने डोळे वापरावे म्हणावे, तर दिसण्याजोगे जे होते तेच आम्ही सद्धेतूने धुऊन टाकले होते. विचाराअंती आम्हांस इतकेच सुचले की माणसांचा इतिहास माणसांपाशी राहावा आणि वस्तूचा वस्तूबरोबर जावा. यंत्राला तो भेद कळत नाही. ते दोन्ही एकत्र पुसते. तेव्हा वस्तूचा इतिहास तोंडाने सांगणे विकणाऱ्याकडेच येते.

हे सुचले खरे. पण चौदा हजारांची अपेक्षा होती, आणि ‘विचारले तर सांगू’ अशी मधली वाट आम्ही मनाशी धरून ठेवली होती.

कल्याणहून एक बाई आपल्या मुलास घेऊन आल्या. मुलगा कॉलेजच्या पहिल्या वर्षात, कॉम्प्युटरच्याच शिक्षणाचा. त्याने बटणे दाबून पाहिली; सारे नव्यासारखे लखलखीत. बाई म्हणाल्या, “काका, मला यातलं काही कळत नाही. तसं काही असतं तर तुम्ही सांगितलंच असतं.”

हा तर तिसरा दृष्टांत, शब्दशः! आम्ही सांगितले. गरम होऊन बंद पडते ते सांगितले, बॅटरी पाऊण तासावर टिकत नाही ते सांगितले, आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपविला असून या जुन्या यंत्रावर कंपनीच्या नियमाप्रमाणे विंडोज ११ बसत नाही, हेही सांगितले. शेवटचे मुलास ठाऊक होते. “लिनक्स टाकीन, काका,” तो म्हणाला, आणि मग त्याने खरा प्रश्न विचारला, “किती वेळानं बंद पडायचा?”

“तास-दीड तासानं.”

“मग बसू का दीड तास?”

तो बसला. एक चित्रपट लावून ठेवला. बाईंचा दोनदा चहा झाला, सोसायटीच्या पाण्याच्या तक्रारी त्यांनी ऐकल्या, त्यांच्याकडच्या आम्ही ऐकल्या. दीड तास उलटून वर दहा मिनिटे झाली तरी यंत्र बंद पडले नाही. यावरून काही सिद्ध होत नाही, असे आम्हीच त्यास पुन्हा बजावले. तेव्हा तो किंचित वैतागलेला दिसला. शेवटी नऊ हजारांस व्यवहार ठरला. दोष आम्ही एका कागदावर लिहून सही करून दिले. बाईंनी तो कागद न वाचताच घडी करून पर्समध्ये ठेवला, आणि कल्याणची गाडी गाठण्यासाठी दोघे लगबगीने जिना उतरली.

त्यास आता तीन आठवडे झाले. त्यांचा फोन आलेला नाही. आम्हीही केलेला नाही.