मोहरी मागायला गेलेली आई



दीक्षा घेतल्यावर आपण घरातले देव काढले, बावीस प्रतिज्ञा घेतल्या. योग्यच केले. पण देवांबरोबर त्यांच्या कहाण्याही गेल्या. आपल्या आयाबहिणी त्या कहाण्यांच्या आडून स्वतःचे दुःख बोलत होत्या, हे आम्हा शिकलेल्यांच्या ध्यानी आले नाही.

माझ्या धाकट्या बहिणीचे सहा महिन्यांचे मूल तापाने गेले. सासू म्हणाली, "पाचवी पुजली न्हाई, सटवाई कोपली." मी एम.ए. झालेला मास्तर. तासभर समजावले. सटवाई ही कल्पना आहे, ताप हा रोग आहे, संस्कार अनित्य आहेत. यात चुकीचे काहीच नव्हते. बहीण म्हणाली, "दादा, तुझं खरं आहे," आणि भिंतीकडे तोंड करून निजली.

पुढे वर्षावासात विहारात एका वृद्ध उपासिकेने किसा गोतमीची कथा सांगितली. श्रावस्तीची ही आई मेलेले मूल कडेवर घेऊन दारोदार औषध मागत होती. लोक तिला वेडी म्हणाले. महाकारुणिक तथागतांनी तिला उपदेश केला नाही, मूल मेले आहे असेही सुनावले नाही. म्हणाले, मोहरी आण, पण ज्या घरी कोणी मेले नाही अशाच घरची. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात ही कथा घेतली आहे. तिच्यात चमत्कार नाही. मूल काही उठून बसत नाही.

बहिणीने विचारले, "आजी, किती घरं फिरली असंल ती?"

"ते पोथीत न्हाई, बाई. पण दारोदारी कुणीतरी तिला आपलं सांगितलंच असंल की." मग आजीने स्वतःची गेलेली दोन लेकरे सांगितली. एक १९७२ च्या दुष्काळातले. शेजारची बोलली. मग माझी बहीण बोलली. तापाची ती रात्र, पहाटेची न आलेली एस.टी., रिकामी झोळी. मी दाराशी बसून ऐकत होतो. सख्खा भाऊ, पण मला यातले काहीच ठाऊक नव्हते.

सटवाईची कहाणी आईला विचारते, तुझे काय चुकले? गोतमीची कथा तिला गुन्हेगार ठरवीत नाही. शेजारच्या घरी पाठवते. आम्ही मात्र मोहरी मागायला न पाठवताच निष्कर्ष हातात देतो. वर्गात गणित असे शिकवले तर मुले नापास होतात!

पटाचाराही अशीच. नवरा, दोन मुले, आईबाप, भाऊ सारे गेले. अंगावर वस्त्र राहिले नाही. लोक हाकलत होते, तेव्हा तथागतांनी तिला 'भगिनी' म्हणून हाक मारली. कोणी आपले उपरणे तिच्या अंगावर टाकले. तीच पुढे थेरी झाली आणि लेकरे गमावलेल्या स्त्रिया तिच्याकडे येऊ लागल्या. थेरीगाथेत त्यांच्याही गाथा आहेत.

यंदाच्या वर्षावासात ग्रंथवाचन झाल्यावर अर्धा तास स्त्रियांना बोलू द्यावे. चहा पुरुषांनी करावा आणि मध्येच कोणी अनित्यता समजावू नये.

आमच्या विहारात गोतमीची कथा आता बहीणच सांगते. गोतमी किती घरे फिरली, तो आकडा ती दर वेळी वेगळा सांगते. मी दुरुस्त करीत नाही.