विहीर कोणाची?

पैनगंगेच्या अलीकडे, पुसद-उमरखेडच्या पट्ट्यातल्या एका गावात मास्तरांनी गावाचा इतिहास लिहायला घेतला. छपाईची बरीचशी वर्गणी पाटलांनी दिली होती. सगळं जमलं, अडलं ते वेशीजवळच्या जुन्या विहिरीपाशी.

पाटील म्हणाले, "छप्पनच्या दुष्काळात आमच्या पणज्यानं खोदली." देवळातल्या आजीचं म्हणणं वेगळं. "दत्तप्रभू माहूरले चालले होते. तहान लागली, जमिनीवर काठी मारली, पानी आलं." बंजारा तांड्यावरची म्हातारी याडी म्हणाली, "माल लादलेले लदेणीचे बैल इथं थांबत. आमच्या नायकानं खोदली."

मास्तरांनी पाटलांचं ठेवलं. 1899-1900 च्या त्या दुष्काळाला सरकारी कागदांचा आधार होता. कागद दुष्काळाचे होते, विहिरीचे नव्हते, पण एवढं कोण पाहतो? दत्तप्रभूंवर काट मारली. याडीचं तर वहीत उतरवूनच घेतलं नव्हतं.

छापण्याआधी वही महानुभाव मठातल्या बाबांना दाखवली. त्यांनी विहिरीच्या पानावर बोट ठेवलं.

"तांड्यावर गेलते ना मास्तर?"

"गेलतो. पण तिकडं पुरावा कुठं हाये?"

"वाड्यावर होता काय?"

मास्तर गप्प. मग बाबांनी म्हाइंभटांची गोष्ट काढली.

महानुभाव पंथाचे चक्रधरस्वामी निघून गेले तेव्हा मागे राहिल्या त्या माणसांच्या आठवणी. म्हाइंभट मूळचे मोठे पंडित, पण पंडिती बाजूला ठेवून ज्यांनी ज्यांनी स्वामींना पाहिलं त्यांच्याकडे ते गेले. विचारलं, ऐकलं, स्वामींचे शिष्य नागदेवाचार्य यांच्याकडून पडताळून घेतलं, आणि शके 1200 च्या सुमारास, म्हणजे 1278 च्या आसपास, रिद्धपूरला 'लीळाचरित्र' उभं राहिलं. त्यात देवगिरीचा महादेवराय यादव येतो, आणि शिकाऱ्यांच्या कुत्र्यांना भिऊन स्वामींच्या आश्रयाला आलेला ससाही येतो. राजाला मोठी जागा आणि सशाला कोपरा, असा हिशेब तिथे नाही. पुढे खिलजींच्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत मूळ पोथीच हरवली. तेव्हा हिराइसेसारख्या, मुखोद्गत असणाऱ्या माणसांच्या तोंडून ती पुन्हा उतरवली गेली. आठवणी जुळल्या नाहीत तिथे नावानिशी पाठभेद नोंदवले.

"कोन खरं, थे मागून ठरवा," बाबा म्हणाले. "आधी कोन काय म्हनते थे तर लिवा."

मास्तर दुसऱ्या दिवशी तांड्यावर गेले. या वेळी वही उघडून बसले. याडी तूर निवडत होती. लदेणीचं तुला काय ठाऊक, असं विचारताच तिने सूप खाली ठेवलं आणि बोटांवर मोजत मुक्कामांची नावं सांगितली, बैल कुठे पाणी प्यायचे, कुठे नुसते टेकायचे. गावाचं नाव आलं तेव्हा ती थांबलीही नाही, पुढची नावं सांगत गेली.

पुस्तकात विहिरीच्या पानावर तीन हकिकती आल्या, प्रत्येकीखाली सांगणाऱ्याचं नाव. दुष्काळाबद्दल कागद आहेत, विहिरीबद्दल कोणाकडेच नाहीत, हेही मास्तरांनी लिहिलं.

पाटलांनी वर्गणी परत मागितली. मास्तरांनी दिली. पुस्तक हलक्या कागदावर निघालं, आणि तांड्यावर त्याच्या जितक्या प्रती गेल्या तितक्या गावात गेल्या नाहीत.