‘ऊठ’ म्हटल्यावर अर्जुन उठला नाही

आजचं वाचन : भगवद्गीता, अध्याय २, श्लोक १ ते १०



आजचे दहा श्लोक आपण सगळेच जरा घाईत ओलांडतो. ‘खरी’ गीता अकराव्या श्लोकापासून, असं डोक्यात बसलेलं असतं. आद्य शंकराचार्यांचं सविस्तर भाष्यही तिथूनच सुरू होतं, त्यामुळे आपली फार चूक नाही म्हणा! पण गेली तीन वर्षं मी या दहा श्लोकांशी पुन्हा पुन्हा येऊन थांबतोय. का, ते आज सांगतो. याआधी इथे कधी लिहिलं नव्हतं.

बाबा एप्रिल २०२१ मध्ये गेले, कोविडच्या दुसऱ्या लाटेत. आत कुणालाच सोडत नव्हते. पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी हॉस्पिटलमधून फोन आला. तेव्हा माझ्या मोबाइलला फोनसोबत येते तीच साधी रिंगटोन होती. म्हणजे निम्म्या शहराच्या फोनला असते ती.

पुढचं सगळं मी केलं. दिवस, कागदपत्रं, बँक, विमा, आईच्या गोळ्या. रडलो नाही. ‘पोरगा खंबीर आहे’ असं नातेवाईक म्हणाले, मलाही ते खरं वाटलं. दोन वर्षांनी ऑफिसच्या कँटीनमध्ये शेजारच्या टेबलावर तीच रिंगटोन वाजली आणि माझ्या हातातला ट्रे खाली पडला. तोंड कोरडं, हात थरथरतायत, अंगभर काटा, समोरचा काय बोलतोय तेच कळेना. जिन्यात जाऊन पाऊण तास बसलो.

आता पहिल्या अध्यायातले २९ आणि ३० हे श्लोक काढून बघा. गात्रं गळाली, तोंडाला कोरड पडली, अंग कापतंय, रोमांच उभे राहिलेत, हातातून धनुष्य निसटतंय, कातडी जळतेय, डोकं गरगरतंय. अर्जुन तत्त्वज्ञानाची भाषा नंतर बोलतो, आधी शरीर काय करतंय ते सांगतो. मी अर्जुनाला कुठला आजार चिकटवत नाहीये हं. एवढंच म्हणतोय की व्यासांना माणसाचं शरीर माहीत होतं. आणि हा काही भित्रा माणूस नव्हे. ज्ञानेश्वर माउली इथे भुंग्याचा दाखला देतात: कोरडं लाकूड पोखरून जाणारा भुंगा कमळाच्या कोवळ्या कळीत मात्र अडकून राहतो. अर्जुनाला शत्रूने नाही अडवलं, मायेने अडवलं.

आता आजचे श्लोक. अर्जुनाचे डोळे भरलेत. कृष्ण दोन श्लोकांत त्याला झापतो. हे तुला शोभत नाही, हा दुबळेपणा सोड, ऊठ. साक्षात भगवंत बोलतोय बरं का! आणि काय होतं? काहीच होत नाही. अर्जुन उठत नाही. उलट आणखी बोलतो, आपलं दुःख आणखी उलगडतो. सातव्या श्लोकात म्हणतो की मला काही सुचत नाही, मी तुझा शिष्य आहे, मला सांग. आठव्यात म्हणतो, पृथ्वीचं राज्य मिळालं तरी इंद्रियं सुकवून टाकणारा हा शोक जाईल असं दिसत नाही. मग ‘मी लढणार नाही’ म्हणून गप्प बसतो.

माझे एक काका (स्वभावाने फार चांगले) मला म्हणाले होते, ‘अरे, तू तर रोज गीता वाचतोस, मग असं कसं?’ ते वाक्य मला फार लागलं. त्यानंतर चार महिने पोथी उघडली नाही. आपली भक्तीच खोटी असणार, नाहीतर हात कशाला थरथरले असते, असं वाटायचं. म्हणून मी दुसरं टोक गाठलं. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जप करायचो, सोमवार, गुरुवार, शनिवार उपास. बाहेरून साधना दिसायची. खरं सांगू का, झोपलं की पहाट होते आणि पहाटे फोन येतो, एवढीच भीती होती ती.

शेवटी बहीण हाताला धरून समुपदेशक बाईंकडे घेऊन गेली. मला वाटलं, आता बाबांबद्दल विचारणार. त्यांनी विचारलं, किती झोपता? जेवता कधी? मला हसूच आलं, कारण सहाव्या अध्यायात १६ आणि १७ व्या श्लोकांत भगवंताने नेमकं हेच सांगितलंय: फार खाणाऱ्याला योग साधत नाही आणि उपाशी राहणाऱ्यालाही नाही, फार झोपणाऱ्याला नाही आणि जागणाऱ्यालाही नाही. मी उपासाच्या दिवशी हे श्लोक पाठ म्हणत होतो!

तर रात्रीचा जप बंद झाला, सकाळी अकरा माळा ठरल्या. थरथर सुरू झाली की तिच्याशी भांडायचं नाही, पाय जमिनीला टेकवायचे, समोर दिसणाऱ्या पाच वस्तूंची नावं घ्यायची, श्वास सोडताना लांब सोडायचा. पुष्कळ आठवड्यांनी, बाईंच्या देखरेखीखाली, ती रिंगटोन ऐकायला सुरुवात केली. आधी अगदी हळू आवाजात, दुपारी, शेजारी बहीण बसलेली. हे शेवटचं कुणी वाचून एकट्याने घरी करू नका, जाणकार माणूस सोबत हवाच. आणि एक दिवस, चौथ्या-पाचव्या भेटीत असेल, मी त्या पहाटेची हकीकत पहिल्यांदा सलग सांगितली. बाई मधे एकदाही बोलल्या नाहीत.

घरी येऊन पोथी काढली आणि दहाव्या श्लोकावर थांबलो. दोन्ही सैन्यांच्या मधोमध खचून बसलेल्या अर्जुनाशी हृषीकेश हसल्यासारखा होऊन बोलू लागतो. या हसण्याचे अर्थ पुष्कळांनी पुष्कळ लावलेत. मला त्यात थट्टा दिसत नाही. दोन श्लोकांचा दट्ट्या चालला नाही म्हणून तो रथ सोडून गेला नाही, त्याने बोलण्याची रीत बदलली. अठराव्या अध्यायापर्यंत तो समजावत राहतो, प्रश्न घेतो, तेच पुन्हा वेगळ्या शब्दांत सांगतो. आणि शेवटी ‘विचार कर आणि तुला वाटेल तसं कर’ असं म्हणून निर्णय अर्जुनाच्याच हातात ठेवतो.

मी आता पूर्ण बरा झालोय का? गेल्या महिन्यात मित्राच्या वडिलांना भेटायला हॉस्पिटलात गेलो तर लिफ्टमध्येच हात गार पडले. वाईट वाटलं, एवढं करून पुन्हा तेच! तेव्हा अनुगीता आठवली. महाभारतात आश्वमेधिक पर्वात, युद्ध संपल्यावर, अर्जुन कृष्णाला सरळ सांगतो की तू तेव्हा जे सांगितलंस ते मी विसरलो, परत सांग. कृष्ण थोडा रागावतो, जसंच्या तसं आता सांगता येणार नाही म्हणतो, आणि तरी एक जुनी कथा धरून पुन्हा सांगायला बसतो. मी लिफ्टमधून उतरलो, कॉरिडॉरमधल्या पाच वस्तू मोजल्या, काकांना भेटून आलो.

तुमच्यापैकी कुणाची अशी एखादी रिंगटोन असेल, वास असेल, तारीख असेल, तर नामासोबत माणूसही शोधा. घरात बोलता येत नसेल तर १४४१६ हा टेलि-मानसचा नंबर आहे, सरकारी, मोफत, दिवसरात्र सुरू, मराठीतही बोलता येतं. मी स्वतः एकदा रात्री केलाय.

उद्या श्लोक ११. आज दहावा दोनदा वाचा.

राम कृष्ण हरी 🙏